अंगण खरोखरच वाकडे आहे

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण सबबी सांगणाऱ्याला उद्देशून वापरतो आणि हसतो. परंतु आपल्या खेड्यापाड्यांत असा एक मोठा वर्ग आहे की, ज्याच्या बाबतीत या म्हणीतली सबब शब्दशः खरी आहे. त्याला नाचता येते की नाही हा प्रश्न पुढचा. अंगण मात्र खरोखरच वाकडे आहे. घराचा उंबरा वीतभर उंच, हापशाचा ओटा शेवाळलेला आणि त्याला धरायला काही नाही, शाळेचा व्हरांडा तीन पायऱ्या वर, ग्रामपंचायतीची कचेरी माडीवर, आणि एस.टी.ची पहिली पायरी तर धडधाकट म्हातारीलाही ‘विठ्ठला’ म्हणायला लावणारी! एस.टी. महामंडळ अपंगांना प्रवासभाड्यात ७५ टक्के सवलत देते, ही गोष्ट चांगलीच आहे. पण ज्या गाडीत चढताच येत नाही, तिच्या भाड्यातील सवलत घेऊन माणसाने करावे तरी काय?

पाय अधू असेल तर चालणे अडते, हे कोणीही मान्य करील. परंतु शिकणे, कमावणे, मत मांडणे, चार माणसांत बसणे या गोष्टी पायामुळे अडत नाहीत. त्या अडतात पायऱ्यांमुळे. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. पाय बरा करणे पुष्कळदा वैद्यांच्याही हाती नसते. पायरीशेजारी उतार बांधणे मात्र गावातल्या कोणत्याही गवंड्याच्या हाती असते. आपण आजवर पायाकडे दयेने पाहिले आणि पायरीकडे मुळी पाहिलेच नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख लोक अपंग होते. त्यांपैकी १ कोटी ८६ लाख, म्हणजे शंभरातील ६९, ग्रामीण भागात राहणारे. महाराष्ट्रात एकूण संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. हे आकडे कोणी गोळा केले? या पृष्ठाच्या वाचकांत ज्यांचा भरणा मोठा, त्या शिक्षकांनीच. आणि ते कसे मिळतात, हेही शिक्षकांनाच ठाऊक आहे. दारात उभे राहून ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारले की, आतल्या खोलीत बसलेल्या मुलीची आई क्षणभर थांबते आणि ‘नाही’ म्हणते; कारण घरात दुसरी मुलगी लग्नाची असते. ज्याला उशिरा समजते त्या मुलाला घरचे लोक ‘जरा भोळा आहे’ म्हणून सोडून देतात. म्हाताऱ्याची दृष्टी गेली तर ते वयाचे मानले जाते. त्यात २०११ च्या प्रश्नावलीत अपंगत्वाचे आठच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांतून आढळणारा सिकलसेलचा आजारही त्या २१ मध्ये आहे. पुढील शिरगणती २०२७ ची. तिच्यात प्रश्न छापील ठरतील तेच विचारावे लागतील, हे खरे. पण पाहताना, ऐकताना, चालताना, शिकताना घरात कोणाला अडचण येते का, एवढे चार शब्द समजावून विचारण्यास कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी असणार नाही. ज्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी तरतूद कोण करणार?

खेड्यातील अपंगत्वाचे रूपही बदलले आहे. २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त घोषित झाला. पोलिओने पाय गेलेली पिढी आता मध्यम वयाला पोचली आहे, आणि तिच्यामागून येणारे अपंगत्व निराळे आहे. मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात गेलेला तरुण, झाडावरून पडून कण्याला इजा झालेला गडी, मोटारसायकलच्या अपघातात सापडलेला विद्यार्थी, मधुमेहाने पाय कापावा लागलेला शेतकरी, अर्धांगवायूने एक बाजू गेलेली बाई ही माणसे जन्मतः अपंग नाहीत. कालपर्यंत ती गावातल्या सर्वांसारखी हिंडत-फिरत होती. तेव्हा अपंगांचा प्रश्न हा काही दुर्दैवी कुटुंबांचा प्रश्न आहे, असे समजून निश्चिंत राहण्याची सोय कोणत्याच घराला नाही.

कायद्यांच्या बाबतीत मात्र आपण गरीब नाही. १९९५ साली पहिला व्यापक कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेल्या. शेतजमीन व घरे यांच्या वाटपात आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के वाटा ठेवला. सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खातेही निर्माण केले. शब्दही बदलले. ‘पंगू’ गेला, ‘अपंग’ आला, मग ‘विकलांग’, २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचविला आणि तो सरकारी कागदोपत्री रूढ झाला. गावात मात्र ‘लंगड्या’, ‘मुक्या’, ‘आंधळी’ हीच नावे चालतात. पुष्कळांचे खरे नाव मतदारयादी पाहिल्यावरच कळते. शब्द सुधारले याबद्दल तक्रार नाही, परंतु पाटी बदलल्याने पायरी काही खाली येत नाही.

या साऱ्या तरतुदी आणि खेड्यातील अपंग माणूस यांच्यामध्ये उभे आहे ते अंतर. साधे, मैलांत मोजण्याचे अंतर. सवलत, अनुदान, शिष्यवृत्ती, राखीव जागा या सर्वांची किल्ली म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र. ते आता संगणकावरून, विशिष्ट ओळखपत्राच्या स्वरूपात मिळते. पण त्यापूर्वीची तपासणी जिल्ह्याच्या वा उपजिल्ह्याच्या रुग्णालयात, ठराविक वारी होते. कानाची यंत्रावरची किंवा बुद्धिमापनाची तपासणी असेल तर कित्येकदा त्याहूनही मोठे शहर गाठावे लागते. ज्याला चालता येत नाही त्याने आपल्याला चालता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी पन्नास-साठ मैल यावे, सोबत एक माणूस आणावा, त्या माणसाची मजुरी बुडवावी, आणि डॉक्टर रजेवर आहेत हे ऐकून परत जावे, असा हा क्रम आहे.

वारकरी संप्रदायात कूर्मदासाची कथा सांगतात. हा पैठणचा भक्त. हात नाहीत, पाय नाहीत. तरी पंढरीच्या ओढीने पोटावर सरपटत निघाला. माढे तालुक्यातील लऊळ गावापर्यंत आला आणि देह थकला. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ त्याने विठ्ठलाला निरोप धाडला, आणि विठ्ठल स्वतः लऊळला येऊन त्याला भेटला. कीर्तनात ही कथा रंगली की श्रोत्यांचे डोळे पाणावतात. त्या श्रोत्यांत तहसील कचेरीतले आणि जिल्हा परिषदेतलेही कितीतरी जण असतात. आपली व्यवस्था मात्र कूर्मदासाला सांगते, ‘बुधवारी सकाळी दहाला ये. येताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन फोटो आण.’

शासनाला दारात जाता येत नाही, असे नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या आणि ८५ वर्षांवरील मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय देशभर प्रथमच झाली. मतदान अधिकारी, पोलीस, चित्रीकरण करणारा आणि मतपत्रिका असा सारा लवाजमा एकेका मतदाराच्या ओसरीवर गेला. ही फार चांगली गोष्ट झाली. पण एका मतासाठी जे जमले, ते प्रमाणपत्रासाठी का जमू नये? तपासणीची शिबिरे होतात, पण ती वर्षातून एखाद्या वेळी, आणि तीही बहुधा तालुक्याच्या गावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर, आशा सेविकेकडील यादी हाती घेऊन, ठरल्या महिन्यात ठरल्या गावी वैद्यकीय पथक जाणे अशक्य नाही. कोणत्या घरात कोण पडून आहे, हे आशा सेविकेइतके नेमके गावात दुसऱ्या कोणालाही माहीत नसते.

साधनांच्या बाबतीत तर आपण शहराचे माप खेड्याला लावून मोकळे होतो. केंद्र सरकारची साधने पुरविण्याची योजना १९८१ पासून आहे. शिबिरांत तीनचाकी सायकली वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. परंतु मराठवाड्यातील काळ्या रानात पावसाळ्याचे चार महिने ती सायकल पाऊलभरही हलत नाही. कोकणातील पाखाडीवर ती चढतच नाही. सुटे भाग तालुक्यालाही मिळत नाहीत. दोन वर्षांनी ती परड्यात ताडपत्रीखाली उभी असते आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. दोष सायकलीचा नाही. कोणी कोणत्या रस्त्यावरून जायचे आहे, हे न विचारता ती दिली गेली, हा दोष आहे.

उलट उदाहरण जयपूर पायाचे. १९६० नंतरच्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडविला. त्यापूर्वीचा विलायती धर्तीचा कृत्रिम पाय बुटात घालावा लागे. तो लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात वा पाण्यात उतरता येत नसे. आपला शेतकरी तर अनवाणी चालतो, बांधावर उकिडवा बसतो, भातखाचरात उभा राहतो. त्यामुळे तो महागडा पाय घरी खुंटीला टांगला जाई. शर्मा हे उच्चशिक्षित नव्हते. परंतु रबर, लाकूड आणि हात यांची त्यांना जाण होती, आणि माणूस कसा बसतो-उठतो हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या पायाला बुटाची गरज उरली नाही. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. या शोधाचे खरे मर्म रबरात नाही. ज्याला पाय हवा त्याचा दिवस कसा जातो, हे आधी पाहून मग पाय बनविला गेला, यात ते आहे.

ही दृष्टी आपण शौचालये बांधताना ठेवली असती तर! स्वच्छ भारत अभियानात घराघराला १२ हजार रुपयांचे प्रोत्साहन मिळाले, आणि पात्र कुटुंबांच्या यादीत अपंगांचा मुद्दाम समावेश होता. पण नमुना बहुतेक ठिकाणी एकच: दोन पायऱ्या, अरुंद दार, खाली बसण्याचे भांडे. ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्याच्या नावावर शौचालय झाले, आणि तो मात्र पूर्वीसारखाच दुसऱ्याच्या खांद्यावर राहिला. भिंतीत बसविलेला लोखंडी नळीचा आडवा दांडा, मध्ये भोक पाडलेली लाकडी खुर्ची, पायरीऐवजी उतार, एवढ्याने काम भागते. खर्च किरकोळ आहे. त्याने काय साधते हे मात्र किरकोळ नाही. सूनबाई शेतावरून येईपर्यंत वाट पाहत बसणे आणि आपले आपण उठून जाणे, यांत किती अंतर आहे हे त्या म्हातारीला किंवा त्या तरुण मुलीला विचारावे. अपंग स्त्रीच्या बाबतीत तर हा अब्रूचा आणि सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. दिवसभर पाणी न पिता राहणाऱ्या बायका आपल्या गावांत आहेत. त्यांत अपंग बाईला दुप्पट वेळ तहान मारावी लागते.

शाळेकडे वळू. विशेष मुलांसाठी आपल्याकडे निवासी शाळांची परंपरा आहे आणि त्यांतील कित्येक संस्थांनी निष्ठेने काम केले आहे. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा, अंध मुलाला ब्रेल तेथेच मिळाली. त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. पण या मार्गाची एक किंमत आहे आणि ती खेड्यातल्या मुलाने मोजली आहे. सहाव्या वर्षी मूल गावाबाहेर जाते, अठराव्या वर्षी परत येते. मधल्या काळात त्याच्या वयाच्या मुलांनी त्याला पाहिलेलेही नसते. त्याची भाषा गावाला येत नाही, त्याच्या हाती असलेली कला गावात खपत नाही. आणि बारा वर्षे शिकलेला तो तरुण ओसरीवर बसून राहतो. म्हणून शेजारच्या शाळेतच, इतर मुलांच्या बाकावर त्याला जागा हवी. यासाठी लागणारा विशेष शिक्षक ही चैन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण ठरवून दिले. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षे कंत्राटी फिरत्या शिक्षकांवर सोपविले गेले. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाने ब्रेल शिकवावी तरी कशी?

अर्थात वर्गशिक्षकाच्या हाती काहीच नाही असे नव्हे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसविणे, फळ्याकडे तोंड करून न बोलणे, कवायतीच्या तासाला पायाने अधू मुलाला ‘तू बस सावलीत’ असे न सांगता गुण मोजायला, शिट्टी वाजवायला, चेंडू टाकायला उभे करणे. यांना अनुदान लागत नाही. ‘तू कशाला उन्हात येतोस, बस तू’ हे वाक्य आपल्याकडे फार मायेने उच्चारले जाते. परंतु त्या मायेनेच किती माणसे जन्मभर बसून राहिली आहेत!

कामाच्या बाबतीतही हेच. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी उभे केलेले आनंदवन आपण सर्व जाणतो. महारोगाने बोटे झडलेल्या माणसांनी तेथे विहिरी खोदल्या, शेती केली, आणि १९६० नंतरच्या दशकात वरोऱ्यासारख्या मागास भागातील मुलांसाठी महाविद्यालय उभे करून दिले. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले, त्यांनी गावाला कॉलेज दिले, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात दुर्मीळ आहे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी, स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून, १९८४ पासून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था चालविली. सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग उभा केला. अशा कामांपुढे नम्र व्हावे. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आनंदवन हे वेगळे गाव आहे. ते वसवावे लागले, कारण आपल्या गावांनी जागा दिली नाही. प्रत्येक तालुक्यात एकेक आनंदवन उभे राहावे अशी इच्छा करणे म्हणजे आपल्या गावांना त्यांच्या कर्तव्यातून मोकळे करणे होय.

गावात काम नाही असे नाही. पिठाची गिरणी, शेळीपालन, रोपवाटिका, दूध-संकलन केंद्राची नोंदवही, स्वस्त धान्य दुकान, शिवणयंत्र, मोबाईल-दुरुस्ती यांतले बहुतेक बसून होते. अडते ते भांडवलापाशी, आणि भांडवल अडते मालकीपाशी. अंध वा मतिमंद भावाचा जमिनीतील हिस्सा ‘आम्ही सांभाळतोच की त्याला’ म्हणून इतर भाऊ कसतात. सातबाऱ्यावर त्याचे नाव असलेच तर सही दुसराच कोणी करतो. २०१६ च्या कायद्याने अपंग व्यक्तीचा मालमत्ता धारण करण्याचा, वारसाहक्काचा आणि आपले आर्थिक व्यवहार आपण पाहण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने मान्य केला आहे. बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाने ‘कोणाला तरी सोबत आण’ असे म्हणण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली दिव्यांगांना मिळणारे मासिक अनुदान १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने घेतला. काहींना यात आळस पोसला जातो असे वाटते. ज्यांना ते वाटते, त्यांनी महिनाभर घरच्यांकडे प्रत्येक रुपया मागून पाहावा. हाती स्वतःचे पैसे आले की घरातही माणसाचा शब्द ऐकला जातो. परंतु अनुदान हाती आल्याने घराचा उंबरा उतरत नाही, आणि म्हणून आता थोडे ग्रामपंचायतीविषयी.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांच्या कल्याणासाठी खर्च केला पाहिजे, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न चार लाख धरले तर वीस हजार रुपये होतात. गावात पंचवीस अपंग असतील तर प्रत्येकी आठशे. बहुतेक ठिकाणी एकतर हा पैसा खर्चच होत नाही, किंवा वर्षअखेरीस असा समान वाटून, कधी भांड्यांच्या रूपाने देऊन, हिशेब बंद केला जातो. त्याच वीस हजारांत दरवर्षी एकेक अडथळा काढता येईल: यंदा हापशाचा ओटा, पुढच्या वर्षी शाळेचा उतार, त्यानंतर दवाखान्याच्या दारातील कठडा. उतार म्हणजे सिमेंटची घसरगुंडी नव्हे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे त्याचे मान्य प्रमाण. दोन फुटांचे जोते असेल तर चोवीस फूट. आपल्या शाळांतून बांधलेले कित्येक उतार इतके उभे आहेत की, त्यांवरून चाकाची खुर्ची न्यायची तर मागे दोन मल्ल हवेत. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे सात दिवस खेड्यात मुक्काम करतात. तेच गटार पुन्हा साफ करण्याऐवजी त्या विद्यार्थ्यांनी दोरी, लेव्हलची नळी आणि वीटकाम घेऊन एक उतार नीट बांधून दाखवावा. सार्वजनिक इमारती सुगम करण्यास कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच उलटून गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगमतेचे नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा स्पष्ट निर्णय दिला.

निर्णय घेणाऱ्यांच्या पंक्तीत अपंग माणूस बसत नाही तोवर यातले काय आधी व्हावे, हे दुसरेच कोणीतरी ठरवीत राहणार. तामिळनाडूच्या विधानसभेने एप्रिल २०२५ मध्ये स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्य नामनिर्देशित करण्याची तरतूद करणारी विधेयके संमत केली. पंचायत राज्यात पहिली पावले टाकणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव घेतले जाते. येथे असा विचार व्हावयास काय हरकत आहे? नामनिर्देशित सदस्य म्हणजे सरपंचाच्या मर्जीतला माणूस होईल, ही शंका खोटी नाही. तरीही हापशाच्या ओट्याविषयी बोलताना ज्याला तो ओटा चढता येत नाही असा एक तरी माणूस समोर बसलेला असणे, याने चर्चेचे वळण बदलते.

कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. पाच टक्के निधीचा जमाखर्च ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकाकडेच, असतो आणि गावातील कोणीही मतदार तो ग्रामसभेत वाचून दाखविण्यास सांगू शकतो. ग्रामसभेच्या नोटिशीत सभेची जागा लिहिलेली असते. ती माडीवरची असेल, तर लेखी अर्ज देऊन सभा खाली, शाळेच्या पटांगणात घ्यावी अशी मागणी करता येते. अर्ज लिहून देण्यास गावात एखादा शिक्षक, कारकून किंवा कॉलेजात जाणारा मुलगा असतोच.